थोरली बंदूक, धाकटी बंदूक

आश्विन लागला की आमच्या घराला एक वास येतो. झेंडूचा, कापराचा, उन्हात टाकलेल्या गाद्यांचा, आणि या सगळ्यांच्या खालून हळूच वर येणारा रंगून तेलाचा. बंदुकांना लावायचं ते तेल. बाकीचे वास बडोदेभर असतात. हा शेवटचा फक्त शिपाईगिरी केलेल्या घरांतून येतो. परवा सकाळी तो आला आणि मी हातातली परात तशीच ठेवून ओसरीवर जाऊन उभी राहिले. कशाला उठले होते ते विसरूनच गेले.

ओसरीवर हे हिंचक्यावर बसले होते. मांडीवर जुना पंचा आणि पंच्यावर बंदूक. खाली सतरंजीवर आमचा माधव त्याची नवी रायफल पुसत होता. बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांमध्ये तेलाची वाटी मात्र एकच होती, आणि ती मुकाट्याने इकडून तिकडे सरकत होती.

माधव जंगल खात्यात लागलाय. सोनगडच्या रानात नेमणूक झाली आहे, दसऱ्याच्या सकाळी निघायचं ठरलेलं. त्या रानात वाघ आहेत आणि अस्वलंही आहेत. नवी रायफल त्याने मोठ्या हौसेने आणली आहे, एकामागून एक गोळ्या सोडणारी. तिने अजून नेमाच्या पाटीखेरीज काहीही मारलेलं नाही. मुलाचा जीव कुठल्या बंदुकीच्या हवाली करायचा, हा आमच्या घरातला सध्याचा प्रश्न आहे. तोंडाने तो कुणीच काढत नाही. हे बोलत नाहीत, कारण बोलले तर पोरगा हट्टाने नवीच नेईल. मी बोलत नाही, कारण हा प्रश्न या घरात पहिल्यांदा पडला तेव्हा मीही इथेच उभी होते.

तेव्हा लग्न होऊन मला दुसरं वर्ष चाललं होतं. रावपुऱ्यात रस्त्यावर विजेचे दिवे नव्हते, मोटार दिसली तर पोरं मागे धावत. ह्यांची नोकरी सरकारच्या शिकारखान्यात होती आणि सासरे, म्हणजे मामंजी, त्याच खात्यातून नुकतेच घरी बसले होते. आमचं घर शिलेदारांचं. चातुर्मासात इतर घरी पोथ्या निघतात, आमच्याकडे पावसाने धरलेला गंज निघायचा. पितृपंधरवडा संपला की अंगणात बाज टाकून तिच्यावर सगळं उन्हाला घालायचे. दोन तलवारी, एक मोडका भाला, कट्यार, आणि बंदूक. पितळी काडतुसं मी चिंचेने घासायची. देवाची भांडी आणि काडतुसं एकाच पाटीत असायची, आणि सासूबाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. ऊन असं कडक की बाजेची दोरी हाताला चटका द्यायची. भिंतीपलीकडे गुजराती शेजारणी गरब्याची मडकी रंगवत बसलेल्या असत. त्यांचं गुणगुणणं, मामंजींच्या गजाचं बंदुकीच्या नळीतलं खरखर वरखाली होणं, आणि मध्येच कावळा. अजून कधी दुपारी डोळा लागला की मला हेच ऐकू येतं.

बंदुकीला घरात नाव होतं. थोरली. घोड्यांची दुनळी, दस्त्यावर मामंजींच्या गालाने पाडलेली एक गुळगुळीत जागा. बार काढायचा तर आधी अंगठ्याने घोडा मागे चढवायचा, टक्क असा आवाज व्हायचा, मग चाप. काळी दारू आणि भरपूर धूर. मामंजी तिची काडतुसं घरीच भरत. मी त्यांना दारूवर दाबून बसवायचे, जुन्या नमद्याचे गोल डट्टे कापून द्यायची. माहेरी मी रांगोळी शिकले आणि सासरी हे.

आणि त्या वर्षी श्रावणात धाकटी आली. कुणी एक पाहुणा साहेब मकरपुऱ्याकडे काळविटाच्या शिकारीला आला होता. ह्यांनी त्याला चांगली शिकार दाखवली, आणि जाताना त्याने खूश होऊन आपली बंदूकच ह्यांच्या हातात ठेवली. बिनघोड्याची. घोडे होते, पण सगळे पोटात लपवलेले. बाहेरून नुसती सडपातळ, लखलखीत, पाठीवर एक नखाएवढी खिट्टी. ती पुढे सारली की बंदूक जागी, मागे ओढली की झोपलेली. खात्यातले सगळे तरणेबांड ती बघायला आमच्या ओसरीवर आले. तेव्हा जो तो बिनघोड्याचीच भाषा बोलायचा, घोड्याची बंदूक खांद्यावर दिसली की म्हणायचे, "काय हो, आजोबांना फिरायला काढलंत?" हे हसायचे, पण दुसऱ्या दिवसापासून थोरली कोपऱ्यात गेली.

मला धाकटी आवडायची. खरं सांगायचं तर मी तिच्या बाजूची होते. मीही घरात नवीच होते. माझी पोळी फुगते की नाही हे अजून तपासलं जात होतं, माझ्या हातचा चहा मामंजी आधी हुंगत आणि मग पीत. कोपऱ्यात थोरली आणि खुंटीवर धाकटी बघून मला बरं वाटायचं. चला, या घरात एका तरी नवीला खुंटी मिळाली.

एकदा डट्टे कापता कापता मी सासूबाईंना हे बोलून गेले. म्हटलं, "नवी म्हणून सगळे तिला नावं ठेवतात."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नवी म्हणून ती वाईट नाही गं. तिने अजून कुणाचा जीव सांभाळलेला नाही, एवढंच."

मला ते माझ्यावरच बोलल्यासारखं लागलं. दोन दिवस मी त्यांच्याशी तुटक बोलले. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, किंवा कळलं आणि त्यांनी चालू दिलं.

मामंजी धाकटीविषयी वाईट बोलत नसत. ते फक्त तिला हात लावत नसत. ह्यांनी एकदा आग्रहाने ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी उघडून पाहिली, मिटली, तोलली आणि परत दिली. म्हणाले, "छान आहे. पण हिच्या पोटात काय चाललंय ते मला दिसत नाही."

"दिसायला कशाला हवं? आपोआप होतं सगळं," हे म्हणाले. "साहेबाने सांगितलंय, आत हात घालायचा नाही. उघडायची झाली तर मुंबईला धाडायची."

"थोरलीचे घोडे अंधारात नुसत्या अंगठ्याने कळतात."

"आणि धूर? एक बार टाकला की पुढचं काही दिसत नाही."

"नाहीच दिसत," मामंजी म्हणाले. "म्हणून तर लहानपणापासून सांगतोय, बार झाला की उभी जागा सोड. डावीकडे सरक. बिबट्या धुरावर उडी घेतो."

ते ह्यांनी शंभरदा ऐकलेलं होतं. आम्ही सगळ्यांनीच ऐकलेलं होतं. आपल्या बंदुकीचा दोष आधी सांगायचा आणि मग त्या दोषासकट तिच्याशी कसं वागायचं ते सांगायचं, अशी मामंजींची रीत. मला वाटायचं, ज्या बंदुकीत एवढं सांभाळून घ्यावं लागतं ती घ्यावीच कशाला?

खंडेनवमीला माजघरात चौरंग मांडला. खंडेराव मार्केटमधून हे टोपलीभर झेंडू घेऊन आले होते. लाल वस्त्रावर तलवारी, कट्यार, थोरली आणि पहिल्यांदाच धाकटी. आमच्याकडे शस्त्रांना पंचामृताचा हात लावतात. दूध, दही, तूप, मध, साखर. मामंजी फुलाने एकेक थेंब लावत, लगेच ओल्या फडक्याने पुसत, मग कोरड्याने, मग तेल. थोरलीच्या घोड्यांच्या खाचेतूनसुद्धा त्यांनी काडीला कापूस गुंडाळून फिरवला. धाकटीची पाळी आली तसं सासूबाई म्हणाल्या, "थांबा, हिला मी घालते. नवी आहे घरात, नुसत्या थेंबावर भागवायचं का?" आणि पळीभर पंचामृत त्यांनी धाकटीच्या पाठीवर, खिट्टीपासून खाली, प्रेमाने सोडलं. वर हळदकुंकू लावलं. माझ्याकडे बघून किंचित हसल्याही. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. ह्यांनी वरवर पुसून घेतली. आत हात घालायचा नव्हता.

पूजेला बसलेली शस्त्रं आमच्याकडे दसऱ्याच्या दुपारपर्यंत हलवत नाहीत. सीमोल्लंघनाला निघतानाच उचलायची, त्याआधी घरावर दरोडा पडला तरी काठीने लढायचं, असं मामंजी थट्टेने म्हणत. पण थट्टेत असलं तरी कधी कुणी उचलली नव्हती.

त्याच संध्याकाळी अकोट्याहून पटेलांचा माणूस आला. विश्वामित्रीच्या अकोट्याकडच्या काठाला तेव्हा नुसती कोतरं होती, झाडीने भरलेल्या घळी. तो अंगणातच उभा राहून म्हणाला, "बापु, कोतरमां दीपडो छे. घास कापता डोसाने फाडी नाख्यो." बिबट्याने गवत कापणाऱ्या म्हाताऱ्याला फाडलं होतं. म्हातारा जिवंत होता, पण उद्या सणाला बायका-पोरं नदीवर येणार. खात्यातले सगळे मोठे लोक दसऱ्याच्या स्वारीच्या बंदोबस्तात गुंतलेले. उरले होते ते एकटे हे.

"पहाटे येतो," हे म्हणाले, आणि चौरंगाकडे बघितलं.

रात्री आम्ही जेवायला बसलो. बाहेर गरब्याच्या टाळ्या पडत होत्या. मला ताटातला भात दिसत नव्हता.

दसऱ्याची पहाट मला अजून अगदी स्पष्ट दिसते, आणि तरी ती स्वप्नातली वाटते. समईचा उजेड पिवळा आणि खिडकीतला निळा. मांडवीकडून नौबत ऐकू येत होती. हे धोतराचा काचा मारून तयार. मामंजी भिंतीला टेकून उभे. पूजेतलं शस्त्र उचला असं त्यांच्याच तोंडून निघायला हवं होतं, आणि ते निघत नव्हतं.

सासूबाई आतून अक्षता घेऊन आल्या. "गणपतीला बोळवताना करतोच की उत्तरपूजा," त्या म्हणाल्या. "अक्षता वाहायच्या, पुनरागमनाय च म्हणायचं, जागची जराशी हलवायची. देव उठतो, मग बंदूक का नाही उठणार? कुठली नेणार तू, दौलत?"

"धाकटी," हे म्हणाले.

मामंजींनी डोळे मिटून घेतले. सासूबाई चौरंगापाशी वाकल्या. मी समई जवळ धरली होती, आणि त्या उजेडात मला मुंग्या दिसल्या. चौरंगाच्या पायावरून वर, लाल वस्त्रावरून, तलवारींना वळसा घालून, थोरलीच्या अंगावरूनसुद्धा न जाता, एक बारीक रांग सरळ धाकटीच्या खिट्टीशी जात होती आणि तिथून आत शिरत होती. बाहेर येणाऱ्याही होत्या. त्यांच्या तोंडात साखरेचा कण होता.

मामंजींसमोर मी तोवर कधी बोलले नव्हते. शिवाय मी धाकटीच्या बाजूची. पण हे नदीपलीकडे निघाले होते.

"तिच्यात मुंग्या गेल्यात," मी म्हटलं.

ह्यांनी धाकटी हातात घेतली नाही, चौरंगावरच खिट्टीवर अंगठा ठेवला आणि पुढे सारून बघितली. हलेना. जोर लावला. अर्धी सरकली आणि तिथेच बसली. रात्रभरात मध आणि साखर आत वाळून घट्ट झाली होती. बंदूक जागीही नव्हती आणि झोपलेलीही नव्हती.

कुणी कुणाला बोल लावला नाही. सासूबाईंचा चेहरा मात्र एवढासा झाला. मग त्यांनी मूठ हलवली, अक्षता थोरलीवर टाकल्या. म्हणाल्या, "पुनरागमनाय च." मुलगा शेजारी उभा होता, पण त्याच्याकडे त्यांनी बघितलंच नाही. त्या बंदुकीकडेच बघत होत्या, आणि तिच्या दस्त्याला धरून त्यांनी ती जागची किंचित हलवली. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. एवढ्या मोठ्या कामाला पोटचा मुलगा निघालाय आणि या बंदुकीला निरोप देतायत.

मग आम्ही वाट बघत बसलो. मामंजी आपट्याच्या पानांच्या जुड्या बांधत होते, एकच जुडी पुन्हा पुन्हा. ऊन अंगणात आलं. थोरलीचा आवाज जाड होता, ओल्या मडक्यावर हात मारल्यासारखा, आणि सकाळच्या निवांतात नदीपलीकडून तो पोचायचा.

पोचला. एकच बार.

सासूबाई ताक घुसळायच्या थांबल्या. त्या दोन बारांमधल्या वेळात मी किती म्हातारी झाले ते मला सांगता येणार नाही. माणसाने काय काय करावं एवढ्या वेळात? मी ह्यांना न बोललेल्या सगळ्या गोष्टी मनात बोलून घेतल्या. मग दुसरा बार ऐकू आला. सासूबाईंनी पुन्हा रवी धरली. "आता पुरणाचं बघ," मला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता.

हे आले तेव्हा दारूने चेहरा काळा झालेला आणि खांद्यावरचा सदरा फाटलेला. ओसरीवर बसले, पाणी मागितलं आणि मामंजींना सांगू लागले. बिबट्या घळीच्या तोंडाशी, अगदी समोर निघाला. "घोडे चढवले आणि ती टक्क ऐकली, तेव्हा जीव थाऱ्यावर आला." पहिला बार लागला, पण मरणाचा नव्हे. पुढ्यात सगळा धूर. काही दिसेना. "आणि माझे पाय डावीकडे गेले. मी नेले नाहीत, गेले." हे आधी उभे होते तिथे, धुरात, तो येऊन आदळला. जाता जाता पंजा सदऱ्यात अडकला एवढंच. दुसरा बार ह्यांनी बाजूने टाकला.

मामंजींनी थोरली ह्यांच्या हातातून घेतली, काचेचं भांडं घ्यावं तशी, आणि गज शोधायला आत गेले. आत गेल्यावर बराच वेळ गजाचा आवाज आला नाही.

किती आश्विन झाले त्याला. विश्वामित्रीच्या मगरी अजून तशाच उन्हात पडतात, बाकी पुष्कळ बदललं. मामंजी गेले, सासूबाई गेल्या. मी पुष्कळदा विचार करते, आपण जुन्यावर विश्वास टाकतो तो कशासाठी? थोरली काही धाकटीपेक्षा चांगली नव्हती. धूर व्हायचा, जड होती, खांद्याला लाथ मारायची. पण तिचे सगळे दोष आम्हाला पाठ होते, इतके की पाय आपोआप सरकले. नव्या वस्तूत दोष कमी असतील, पण ते कुठे आहेत हे ठाऊक नसतं. माणसांचंही तसंच असावं. मामंजी माझा चहा हुंगायचे थांबले ते काही चहा सुधारला म्हणून नव्हे. त्यांना माझ्या हाताची खोड कळली होती. त्या दसऱ्यानंतर त्यांनी मला कधी तपासलं नाही.

धाकटी आम्ही टाकली नाही. मुंबईहून ती साफ होऊन आली तेव्हा मामंजींनी स्वतः तिचं पोट कसं उघडतं ते विचारून घेतलं होतं. मग ह्यांनी ती आधी तित्तरांवर नेली, मग सशांवर, मग कधीतरी डुकरावर. हळूहळू तिच्याही खोडी कळल्या. थंडीत खिट्टी घट्ट होते, डावी नळी किंचित वर मारते. आता थोरली खुंटीवर शोभेची झाली आहे, आणि ह्यांच्या मांडीवर परवा होती ती धाकटी. दस्त्यावर आता ह्यांच्या गालाची जागा गुळगुळीत झालीय. माधव तिला जुनाट म्हणतो. मला हसू येतं. आमच्या डोळ्यांसमोरची पोर ती.

काल पूजा झाली. आता पंचामृत नुसतं वाटीत दाखवतो. माधवची रायफलही चौरंगावर होती, लांबुडकी, काळी, परक्या घरी आल्यासारखी एका कडेला. मी तिलाही हळदकुंकू लावलं. नवी आहे म्हणून ती वाईट नाही.

आज पहाटे माधव कपडे करून आला. सामान टांग्यात चढलं होतं. हे हिंचक्यावर बसूनच होते, हिंचका न हलवता. ह्यांचा डावा कान थोरलीने कधीच नेलाय, त्यामुळे आम्ही हळू बोललो तर ऐकू येत नाही. माधव चौरंगापाशी उभा राहिला, बराच वेळ. मी अक्षता घेऊन उभी. एक शब्द बोलायचा नाही असं मी मनाशी ठरवलं होतं आणि जीभ दातांत धरली होती.

"आई," तो हळूच म्हणाला, "नवी पेटीत ठेवतो. तिची आधी ओळख करून घेईन. हातात धाकटी दे."

आणि मग हिंचक्याकडे बघून थोडं मोठ्याने, "बाबा, थंडीत खिट्टीला किती तेल?"

हिंचका हलला. "एक थेंब," हे म्हणाले. "एकच."

मी वाकले. अक्षता टाकल्या. मुलगा माझ्या इतक्या जवळ उभा होता की त्याच्या नव्या पट्ट्याचा वास येत होता. त्याच्याकडे बघावंसं इतकं वाटलं, आणि त्या क्षणी मला सासूबाई कळल्या. बघितलं असतं तर शब्द फुटला नसता. मी बंदुकीकडेच बघत राहिले, तिचा गुळगुळीत दस्ता धरला, जागची किंचित हलवली, आणि तिलाच म्हटलं, "पुनरागमनाय च."